कोर्लईची बोली आणि आमची वंशावळ

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे लेखकाने निदान एखादा प्रांत तरी ओलांडलेला असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आमचा प्रवास त्या मानाने फारच तोकडा. पहाटे बिरवाडीहून निघालो आणि रात्री बिरवाडीस परत आलो. रायगड जिल्ह्याची शीवसुद्धा ओलांडली नाही. तथापि त्या एका दिवसात आम्ही जितके दूर जाऊन आलो तितके काशीयात्रेतही गेलो नव्हतो, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहो.

बिरवाडी हे महाड तालुक्यातले, काळ नदीच्या काठचे गाव. समर्थांच्या शिवथरघळीस जाणारे पुष्कळ यात्रेकरू आमच्या गावावरूनच पुढे जातात. एका हाताला भाताची खाचरे आणि दुसऱ्या हाताला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची धुराडी, असा येथील हल्लीचा देखावा आहे. आम्ही मॅट्रिक झाल्यावर वाईस पाठशाळेत राहून थोडेबहुत संस्कृत शिकलो आणि पुढे सारा जन्म याच तालुक्यातील शाळांत मुलांस व्याकरण शिकविण्यात घालविला. आता सेवानिवृत्त होऊन घरी बसलो आहो.

आमच्या घराण्याची वंशावळ महाडास आमचे थोरले चुलत बंधू नाना यांच्याकडे असे. मूळ पुरुषापासून अकरा पिढ्यांची नावे एका लांब कागदावर लिहिलेली, आणि तो कागद खणाच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेला. २२ जुलै २०२१ रोजी महाडात पुराचे पाणी शिरले. त्या दिवशी तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून कित्येक माणसे गेली; त्या दुःखापुढे एका कागदाची कथा ती काय! परंतु पाणी ओसरल्यावर नानांनी पेटी उघडली तेव्हा शाई फुटून पिढ्याच्या पिढ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. नानांनी तो कागद आमच्याकडे पाठविला व निरोप दिला, "बापू, अक्षर तुझे चांगले. १९७८ सालची प्रत तूच केली होतीस, आता ही नवीही तूच कर." ते खरेच होते. त्या प्रतीत आमच्या हातचा एक शब्द असा होता की, तो पुरात धुऊन गेला असता तर बरे झाले असते. पण नेमका तोच स्वच्छ वाचता येत होता. त्याविषयी पुढे सांगू.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा सिंगापुराहून रजेवर घरी आला. बरोबर त्याची पत्नी व नऊ वर्षांची मुलगी होती. सूनबाई फिलिपाइन्स देशाच्या, तेथील दक्षिणेकडील सांबोआंगा शहरच्या. सिंगापुरास एका रुग्णालयात परिचारिका आहेत. लग्नास अकरा वर्षे झाली होती, पण बिरवाडीच्या घराचा उंबरठा त्या प्रथमच ओलांडीत होत्या. याचे कारण केवळ अंतर हेच होते असे लिहिले, तर ते खोटे होईल.

पहिल्याच दिवशी परड्यातला चिकू कापून त्यांच्यापुढे ठेवला. सूनबाई आनंदाने म्हणाल्या, "चिको!" आम्हांस वाटले, बिचाऱ्या आपला शब्द उच्चारू पाहत आहेत. पुतण्याने सांगितले की, त्यांच्या देशीही या फळास चिकोच म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. मेक्सिकोहून मनिलास जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ते फिलिपाइन्सला गेले, आणि आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांतही ते परमुलखातूनच आले. पुढे आम्ही शिक्षक होतो असे कळताच सूनबाई हात जोडून म्हणाल्या, "गुरो!" आम्ही चकितच झालो. उकारान्त पुल्लिंगी 'गुरु' शब्दाचे संबोधनाचे एकवचन 'गुरो' हे पाठ करून घेताना आम्ही किती पोरांचे कान पिळले असतील! आणि ही परदेशची सून ते अचूक बोलते! खरा प्रकार असा की, फिलिपाइन्सच्या राष्ट्रभाषेत शिक्षकास 'गुरो' असेच म्हणतात. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'दुखा' म्हणजे हाल-दैन्य, 'कथा' म्हणजे रचना, हे शब्दही तेथे घरोघर चालतात. हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांबरोबर जावा-सुमात्रामार्गे आपली संस्कृत भाषा तेथवर गेली होती. मनिलाजवळच्या लगूना प्रांतात १९८९ च्या सुमारास एक ताम्रपट सापडला. त्यावर शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार असा काळ दिलेला आहे. म्हणजे ज्या शककालाने आपण पंचांग वाचतो त्याच शकाने तेथे अकराशे वर्षांपूर्वी दस्तऐवज लिहिले जात. त्या ताम्रपटातला मजकूरही लक्षात ठेवण्यासारखा आहे. नामवरन नावाच्या गृहस्थाचे सोन्याचे कर्ज फिटले असून त्याच्या मुलाबाळांकडे व वंशजांकडे पुढे कोणी त्याची मागणी करू नये, अशी ती फारखती आहे. वंशजांच्या रक्षणासाठी लिहिलेला तो लेख आहे, ही गोष्ट तेव्हा आमच्या मनात राहिली खरी. तिचा अर्थ मात्र पुढे कळला.

दोन दिवसांनी नाना महाडाहून आले. ओटीवर वंशावळीचा नवा कागद पसरला होता. मुलगी त्यावर ओणवी होऊन मोडक्यातोडक्या मराठीत विचारू लागली, "आजोबा, हे बाबांचे नाव. मग माझे कुठे?" नानांनी चष्मा काढून पुसला. मुलगी आत गेल्यावर ते आम्हांस म्हणाले, "पोरगी गोड आहे. पण बापू, या रकान्यात गोत्र, त्यात सासरचे कुलदैवत, त्यात माहेरचे आडनाव. तिच्या आईचे काय लिहिशील? येथे 'पुढील वंश नोंदला नाही' इतके लिही, म्हणजे खोटेही नाही आणि वादही नाही." आम्ही काही बोललो नाही. नानांसमोर न बोलण्याची सवय आम्हांस फार जुनी आहे.

नाताळ जवळ आला होता. सूनबाईंनी भीत भीत विचारले, "काका, जवळपास एखादे जुने चर्च आहे का?" तेव्हा आम्हांस कोर्लई आठवले. आमचे एक सहकारी शिक्षक पूर्वी मुरुड तालुक्यात होते. ते सांगत की, कोर्लईची ख्रिस्ती मुले शाळेत मराठी बोलतात, पण घरी गेली की तिसरीच भाषा बोलतात. बोलीचे नाव निघाले की व्याकरणाच्या मास्तराचे कान उभे राहावयाचेच. रविवारी पहाटे चार वाजता आम्ही चौघे मोटारीने निघालो.

महाड मागे पडले. याच गावच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी पाणी प्राशन करून, कोणाच्या स्पर्शाने काय बाटते, हा प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवला. आमच्या लहानपणी घरात हा विषय निघाला की वडील मंडळी दुसरे काही बोलू लागत. माणगावाहून म्हसळ्यास व तेथून दिघीस पोहोचेतो चांगले उजाडले. दिघीच्या धक्क्यावर मोटारीसकट तरीत चढलो व खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरलो. जवळच समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला. आफ्रिकेतील हबसाणातून आलेले सिद्दी येथे राज्य करून राहिले, ते १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत. मुलगी तो जलदुर्ग पाहून टाळ्या पिटू लागली. पुढे मुरुड, नांदगाव, काशीद, बोर्ली अशी समुद्राच्या कडेकडेने जाणारी वाट आहे. नारळी-पोफळींच्या वाड्या, सुरूची बने आणि मधूनच चकाकणारा समुद्र. नांदगावच्या सिद्धिविनायकास आम्ही वाटेवरूनच हात जोडले, सूनबाईंनीही जोडले. त्यांस कोणी सांगितले नव्हते.

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे दक्षिण बाजूने एक डोंगरी नाक समुद्रात घुसलेले आहे. त्यावर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी गाव, आणि खाडीपलीकडे रेवदंडा. चौलचे बंदर फार प्राचीन. पोर्तुगीजांनी १५२१ पासून तेथे कोट बांधण्यास आरंभ केला. अहमदनगरच्या निजामशहाने १५७०-७१ साली त्यांस महिनोन् महिने वेढा घातला, पण तो उठवावा लागला. अखेर १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा कोर्लईचा डोंगर घेतला. येथे एक चमत्कारिक योग सांगण्यासारखा आहे. १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगाल व स्पेन या दोन्ही राज्यांवर एकच राजा असे. कोर्लई घेतली तेव्हा गादीवर दुसरा फिलिप होता, आणि याच फिलिपाच्या नावावरून सूनबाईंच्या देशास फिलिपाइन्स हे नाव पडले आहे. चौलचा वेढा उठला त्याच १५७१ साली स्पॅनिशांनी मनिला शहर वसविले. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले हे गाव व सूनबाईंचा देश एकेकाळी एकाच धन्याच्या खातेवहीत होते!

आम्ही पोहोचलो तेव्हा माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चमधील उपासना संपून लोक अंगणात उभे होते. कोकणातल्या कोणत्याही गावात दिसावी तशीच माणसे. चेहऱ्यावरून वेगळी ओळखू येत नाहीत. एका वृद्ध बाईंनी आम्हांस त्यांच्या पडवीत बसवून पाणी दिले व शुद्ध आगरी-कोळी वळणाच्या मराठीत कुठले, कोण, अशी विचारपूस केली. मग त्या आतल्या सुनेकडे वळून काही बोलल्या. ती भाषा मराठी नव्हती, कोकणीही नव्हती. आम्ही विचारले, "बाई, ही कोणती भाषा?" त्या हसून म्हणाल्या, "नॉ लिंग." म्हणजे 'आमची भाषा'. येथील 'लिंग' हे आमच्या व्याकरणातले नव्हे हे कळावयास आम्हांस थोडा वेळ लागला. पोर्तुगीजांत जीभ व भाषा या दोहोंस 'लिंग्वा' म्हणतात, त्याचे ते झिजलेले रूप. सूनबाई मात्र ताडकन उठून बसल्या. "काका, आम्हीही 'लेंग्वा'च म्हणतो!" सांबोआंगाची त्यांची जन्मभाषा 'चावाकानो' म्हणून आहे. १६३५ साली स्पॅनिशांनी तेथे किल्ला बांधला. त्याच्या आसऱ्यास नाना बेटांची माणसे जमली आणि त्यांच्या व शिपायांच्या बोलण्यातून ती भाषा जन्मास आली. मग त्या दोघींची मोठी मौज झाली. एक म्हणे 'यो', म्हणजे 'मी'; दुसरी म्हणे, आमचेही 'यो'! एक घराकडे बोट दाखवी, दुसरी पाण्याकडे. निम्मे शब्द जुळत, निम्मे जुळत नसत, आणि न जुळल्यावर तर अधिकच हसू येई. हजारो मैलांवरची सून आणि कोर्लईची आजी यांच्यामध्ये दुभाषा म्हणून बसावयास आम्ही गेलो होतो; तेथे आम्हीच परके ठरलो.

पण आमचे डोळे उघडले ते शब्दांनी नव्हे, वाक्यांनी. मास्तरकीची खोड जात नाही. आम्ही त्या बाईंस 'मी घरी गेलो' हे वाक्य त्यांच्या बोलीत पुन्हा पुन्हा म्हणावयास लाविले. पोर्तुगीज भाषेत क्रियापद वाक्याच्या मध्ये येते. या बोलीत ते आपल्या मराठीसारखे शेवटी येते. शब्द सारे पोर्तुगीज, पण त्यांचा अन्वय मराठी! मग सूनबाईंस तेच वाक्य विचारिले. त्या म्हणाल्या, "या आंदा यो ना कासा," म्हणजे 'गेलो मी घरी'. शब्द स्पॅनिश, परंतु फिलिपाइन्सच्या देशी भाषांत क्रियापद आरंभी येते, म्हणून येथेही ते आरंभी. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या परदेशी भाषापंडिताने कोर्लईच्या या बोलीवर १९९६ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आमच्यासारख्याला मात्र एका वाक्यात जे कळावयाचे ते कळले.

असे का व्हावे? गोवा घेतल्यावर १५१० नंतर अल्बुकर्क याने आपल्या शिपायांनी येथील स्त्रियांशी विवाह करून येथेच घरे मांडावीत, असे धोरण ठेविले. चौलासही असे संसारी पोर्तुगीज राहत. कोटाच्या आश्रयास आलेली, नवा धर्म घेतलेली येथली चाकर-शिपाईमंडळी तर त्यांहून अधिक. धन्याची भाषा कानावर पडे ती तुटक शब्दांनी; घर चाले, मूल झोपे, चूल पेटे ती आईच्या वळणाने. म्हणून शब्द बापाकडचे राहिले आणि वाक्य आईकडचे. पुढे १७४० साली चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज गेले, ही माणसे गेली नाहीत. राजाश्रय नाही, शाळा नाही, छापलेले पुस्तक नाही, अशा स्थितीत पावणेतीनशेहून अधिक वर्षे, आज अवघी हजारभर माणसे ही बोली घरात बोलत आली आहेत. ती त्यांनी कागदावर राखली नाही, तोंडात राखली.

दुपारी आम्ही किल्ल्यावर चढलो. माथ्यावर पडके चर्च आहे. तेथे बसून पाहिले तर उत्तरेस रेवदंडा-चौल. त्याच्याही पलीकडे अलिबागजवळ नवगाव, जेथे गलबत फुटून वाचलेली सात जोडपी किनाऱ्यास लागली व त्यांपासून आपला विस्तार झाला, असे बेने इस्रायली ज्यू सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे आहेत. दक्षिणेच्या दिशेस जंजिऱ्याचे हबशी. आणि त्याहून दक्षिणेस आमचे स्वतःचे चिपळूण! चित्पावनांच्या उत्पत्तीची जी कथा सांगतात तीत तरी काय आहे? समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून उठविली. सात जोडप्यांची चौदा माणसे तेथे, चौदा प्रेते येथे. कथा ही कथाच, तिच्यावरून इतिहास ठरवू नये हे आम्ही जाणतो. पण आपल्या पूर्वजांस समुद्राने आणून टाकले, हे सांगावयास ज्या कुळांस संकोच वाटला नाही, त्यांनी समुद्रावरून आलेल्या सुनेपुढे रकाना बंद करावा, हे कोणत्या न्यायाचे?

सूनबाईंनी त्या वेळी आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे आडनाव स्पॅनिश आहे. पण ते रक्तावरून आलेले नाही. १८४९ साली क्लावेरिया नावाच्या गव्हर्नराने हुकूम काढून आडनावांची एक मोठी यादीच गावोगाव पाठविली व त्यांतून कुटुंबांस आडनावे वाटून दिली. त्यांचे एक पणजोबा चीनमधून आलेले दुकानदार, एक पणजी डोंगराळ भागातली, आणि एका आजीच्या आजोबांविषयी घरात कोणी बोलत नसे. त्यांच्या देशात असे कित्येकांचे आहे. १७६२ साली इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा बरोबर मद्रासेकडील शिपाई नेले होते. १७६४ साली इंग्रज परतले, पण काही शिपाई काइंता नावाच्या गावी संसार थाटून राहिले आणि त्यांचे वंशज तेथे अद्याप आहेत. आम्ही विचारले, "मग तुमच्याकडे वंशावळ कशी लिहितात?" सूनबाई म्हणाल्या, "काका, आमच्या आजीने लिहिली नाही. ती सांगायची. सांगताना ती कोणाला वगळायची नाही. ज्याच्याविषयी बोलायचे नसे त्याचेही नाव घ्यायची, आणि मग गप्प बसायची."

त्या वाक्याने आम्ही गप्प बसलो. आता तो शब्द सांगावयास हवा.

आमचे एक चुलत चुलते तरुणपणी मुंबईस नोकरीस गेले व तेथे त्यांनी एका गोमंतकीय ख्रिस्ती परिचारिकेशी विवाह केला. घराने संबंध तोडला. आम्ही पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या निधनाचे कार्ड आले, त्यांच्या मुलाने मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलेले. 'आम्ही दोघे भावंडे व आई सुखरूप आहो. गावचे घर एकदा पाहण्याची इच्छा आहे,' असे त्यात होते. वडिलांनी कार्ड वाचून देवघराच्या कोनाड्यात ठेविले. उत्तर पाठविले नाही. १९७८ साली आम्ही वंशावळीची प्रत करू लागलो तेव्हा वडील जवळ बसून नावे सांगत होते. त्या चुलत्यांच्या नावापाशी ते थांबले व म्हणाले, "पुढे 'निर्वंश' लिही." आम्हांस ते कार्ड ठाऊक होते. दोन जिवंत माणसे आम्हांस ठाऊक होती. तरी आम्ही बोरू बुडवून, र्‍हस्व-दीर्घ सांभाळून, सुरेख अक्षरात 'निर्वंश' असे लिहिले. जन्मभर मुलांच्या वह्यांत आम्ही तांबड्या शाईने चुका दाखविल्या. ही एक चूक मात्र शुद्धलेखनाची नव्हती, म्हणून ती कोणाला दिसली नाही.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. मुलगी आमच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. आम्ही आमच्याच घराचा हिशेब करू लागलो. सकाळचा पाव, दाराची चावी, बादली, घमेले, पगार, इस्त्री, हे सारे शब्द पोर्तुगीजांचे. अक्षय्यतृतीयेस देवास दाखवावयाचा हापूस, तोही आफोन्सो अल्बुकर्कचे नाव मिरवीत येतो. फार काय, आमची एकादशी! बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. कोलंबसापूर्वीच्या आमच्या पूर्वजांनी हे फराळाचे ताट पाहिले असते तर यांतील एकही जिन्नस त्यांस ओळखू आला नसता. जे जिभेला चालले, देवाला चालले, ते कागदाला मात्र चालू नये!

आणि एक गोष्ट आम्हांस तेव्हा स्पष्ट दिसली. आमच्या वंशावळीत अकरा पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. ती कोर्लईच्या बोलीच्या उलट आहे: तीत शब्द तेवढे आहेत, वाक्य नाही. बापांची नावे एकाखाली एक लिहून ठेविली. पण ती ज्यांनी जोडली, ज्यांच्या वळणाने घर बोलू लागले, जेवू लागले, देव पूजू लागले, त्या आयांचा पत्ताच नाही. अन्वय नसलेल्या वाक्याला आम्ही शाळेत शून्य गुण देत असू.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाडास नानांकडे गेलो. नवा कागद पुढे ठेविला व जन्मात प्रथमच त्यांच्यासमोर न अडखळता बोललो. 'निर्वंश' हा शब्द खोटा असल्याचे सांगितले. नाना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "थोरल्या मुलाचे नाव मला आठवते. मुलीचेही आठवते. काकांनी ते कार्ड मला दाखविले होते." म्हणजे पन्नास वर्षे ही दोन नावे नानांच्या मनात होती, आमच्या मनात होती, आणि कागदावर मात्र 'निर्वंश' होता. नानांनी नावे सांगितली, आम्ही लिहिली. हात कापत होता म्हणून अक्षर काही तितके चांगले आले नाही.

मग पुतण्याच्या नावाखाली सूनबाईंचे नाव, त्यांच्या आईचे, आजीचे आणि सांबोआंगा हे गाव लिहिले. मुलीने आपले नाव आपल्याच हाताने देवनागरीत लिहिले. वेलांटी चुकली, ती आम्ही दुरुस्त केली नाही. आमच्या घरातील आया-आज्यांची माहेरे जितकी आठवली तितकी भरली. आठ पिढ्यांपलीकडे काहीच मिळाले नाही. सूनबाईंच्या गोत्राचा रकाना तसाच आहे. नाना म्हणाले, "राहू दे कोरा. खोट्यापेक्षा कोरा बरा." नानांना सगळे पटले असे नाही. निघताना त्यांनी मुलीच्या हातावर चांदीचे नाणे ठेविले व सूनबाईंस, पुढच्या गणपतीस येता का, एवढेच विचारले.

सूनबाई सिंगापुरास परत गेल्या आहेत. त्या चुलत भावंडांचा शोध आम्ही मुंबईस चालविला आहे. ती आता आमच्याहून वयाने वडील, सत्तरीच्या पुढची असतील, असतील तर. जुन्या पत्त्यावर दोन पत्रे गेली, दोन्ही परत आली. तिसरे काल टाकले. त्यात इतकेच लिहिले आहे की, आपले कार्ड पोहोचले होते. गावचे घर उभे आहे. उत्तरास विलंब झाला, त्याची क्षमा असावी.